बहिणीच्या फ्लॅटचा कागद

माझी चुलत बहीण माझ्याहून वर्षाने लहान. ती आमच्या ब्राह्मणपुरीच्या मराठी शाळेत शिकली. मी रोज पिवळ्या बसने शहाद्याच्या इंग्लिश मीडियमला जायचे. तेव्हा घरात कौतुक माझं असायचं. आता ती पुण्यात नोकरीला आहे आणि मी घरी. तीन मुलाखती दिल्या मी. उत्तरं मनात इंग्रजीतच तयार असायची, तोंड उघडायचं नाही. तिचं इंग्रजी चुकतं, पण ती बोलत सुटते.

गेल्या हिवाळ्यात तिने बाणेरला भाड्याने घ्यायला एक फ्लॅट बघितला आणि व्हिडिओ कॉलवर आम्हाला फिरवून दाखवला. चौदावा मजला, खाली निळाशार स्विमिंग पूल, बाथरूमला काचेचं दार. मोरीला काच कोण लावतं, असं काकू म्हणाली तेव्हा सगळे हसले, मीही हसले. मी बघत होते ते बेडरूमचं दार. आतून बंद होणारी एक खोली आणि तिच्यात एकच माणूस. आमच्याकडे कोठारात जायची वाट माझ्या पलंगाला खेटून जाते. दिवसभर कोणी ना कोणी जात-येत असतं.

"छोटाच आहे गं ताई, वन बीएचके," ती म्हणाली. तो 'छोटाच' मला आठवडाभर टोचत राहिला.

करारावर घरमालकाला तिच्या वडिलांचीही सही हवी होती, आणि त्याच दिवशी, कारण घर घ्यायला दुसरं कोणी तयार होतं. काकांनी शहाद्याहून प्रिंट काढून आणली. आमच्याकडे कुठलाही कागद सही होण्याआधी ओट्यावर बसून मोठ्याने वाचायची रीत आहे. इंग्रजी कागद वाचणारी घरात मी एकटीच. ओळीखाली बोट ठेवून मी वाचत, मराठीत सांगत गेले. पाळीव प्राणी नकोत. भिंतीला खिळे नकोत. मग ते कलम आलं: कोणताही पाहुणा सलग सात दिवसांपेक्षा जास्त राहू शकणार नाही.

तिथे मी थांबले. पुढे लिहिलं होतं, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय. ते मी वाचलं होतं. सांगितलं नाही.

काकांनी चष्मा काढला. "माय गयी तरी सात दिनमा उठीसन निंघी जावानं का?" आमच्याकडे पाहुण्याला जायचा दिवस विचारत नाहीत, आणि इथे पोटच्या लेकीच्या घरी आईचे दिवस मोजलेले. त्यांनी कागदाची घडी केली. असलं घर नको, पोरगी आहे त्या हॉस्टेलवरच बरी, असं म्हणत ते पपईच्या शेताकडे निघाले.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

काकूला इंग्रजीचं अक्षर येत नाही. तिने घडी उघडून कागद माझ्यापुढे धरला. आवाज अगदी हळू होता.

"तुन्हं बोट मधमाच थांबनं, माय. ओळ अजून सरनी नही."

मी काहीही सांगू शकले असते. पण ती माझ्याकडे न बघता कागदाकडे बघत होती, आणि त्यामुळेच मला ते जमेना. मी उरलेलं वाचलं. तिने काकांना हाक मारली आणि सांगितलं की पोरीने घाईत अर्धंच वाचलं, परवानगी काढली की राहता येतं. दोष तिने घाईवर घातला. काकांनी प्रत्येक पानावर सही केली आणि शेवटच्या पानावर पेन माझ्या हातात दिलं. साक्षीदाराची जागा रिकामी होती. वाचलं मी, तर साक्षीदारही मीच, असा त्यांचा हिशोब.

मी साक्षीदाराच्या जागेत, बहिणीच्या नावाच्या खालच्या ओळीवर, शाळेत घोटलेल्या वळणदार इंग्रजी अक्षरात सही केली. मग पानांचे फोटो काढून तिला पाठवले. तिचा फोन लगेच आला. मी तो काकूकडे दिला आणि पपईला पाणी लागलंय का ते बघायला शेतात गेले.