कोणता झेंडा, ते कुणी विचारलं नाही

आम्ही हर्सूल सोडलं ते भर दुपारी. टेम्पोत एक कपाट, गाद्या, शिलाई मशीन आणि पोत्यात बांधलेली भांडी. मीना, आमची मुलगी, तेव्हा बालवाडीत होती. ती माझ्या मांडीवर. रविवार असल्यानं सगळी गल्ली घरातच होती, तरी निरोपाला कुणी बाहेर आलं नाही. समोरच्या शोभाला दोन्ही बाळंतपणांत मीच डबे पोचवले होते. ती पडद्याआड उभी होती; खालून तिची पावलं दिसत होती. माझे सासरे, तात्या, फुलंब्रीहून आले होते. टेम्पो हलताना ते एवढंच म्हणाले, "पोचल्यावर कळवा. आन मागं वळून पाहू नका, पोरगी रडंल."

फुलंब्रीतल्या माझ्या माणसांनो, आणि आमच्यासारखंच वाळूज सोडून पुण्याला, सुरतेला पांगलेल्या सोबत्यांनो, आम्ही का गेलो याबद्दल तुम्ही नाना तऱ्हेचं ऐकलं असेल. काय झालं ते मी सांगते.

आमचे हे वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्याच पाळीत महादू प्रेस मशीन चालवायचा. मशीन मधूनच आपोआप खाली येतंय, असं ह्यांनी वरच्या साहेबाला सांगून ठेवलं होतं. एके दिवशी ते आलं, आणि महादूचा उजवा हात मनगटापासून गेला. कंपनीनं फलकावर लावलं: कामगाराचा निष्काळजीपणा.

त्या संध्याकाळी गेटवर सभा झाली. गेटपाशी दोन खांब होते. एक तिरंग्याचा, तो पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी सोडून रिकामाच असायचा. दुसऱ्यावर कंपनीचा झेंडा असायचा: वरखाली रंगीत पट्टे, मधे पांढरा, त्यावर दातेरी चाक. ह्यांनी तो उतरवला, मोटारसायकलचं पेट्रोल ओतलं आणि पेटवला. घरी आले तेव्हा हाताला वास येत होता. म्हणाले, "तोंडानं सांगून ऐकत नव्हते. आज ऐकलं."

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका सायंदैनिकात फोटो आला. काळापांढरा. पट्टे दिसत होते, मधलं चाक दिसत होतं, जाळ दिसत होता. वर मथळा: 'वाळूजमध्ये झेंडा जाळला'. त्यात खोटा शब्द एकही नव्हता.

दूधवाला आला नाही. किराणावाल्यानं माझ्या हातातली पिशवी घेतलीच नाही, "माल नाय" म्हणाला; मागं गोणी रचलेल्या होत्या. बालवाडीच्या बाई मीनाला मधल्या सुट्टीतच घरी घेऊन आल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच वळल्या. मोटारसायकलवरची अनोळखी पोरं गल्लीतून सावकाश जायची, आमच्या घरापाशी गाडी आणखी हळू करायची, काही न बोलता निघून जायची. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग पोलीस ह्यांना घेऊन गेले. कुणीतरी तक्रार दिली होती, राष्ट्रध्वजाच्या अपमानाची. खबर कळताच तात्या आले आणि काही दिवस आमच्याकडंच राहिले. त्याच आठवड्यात घरासमोर माणसं जमली. त्यांत गल्लीतलेही होते. शोभाचा दीर पुढं होता.

"तात्या, तुमच्या पोरानं तिरंगा जाळला."

मी आतून ओरडले, "तिरंगा नव्हता! कंपनीचा होता!"

तात्यांनी मला हातानंच गप्प केलं आणि ओट्यावर गेले. "तिरंगा लावला म्हणून निजामाच्या पोलिसांनी मला इथंच, हर्सूलच्या जेलात टाकलं व्हतं," ते म्हणाले. "माझ्यासमोर कुणी तो जाळला तर माझं काळीज जळंल. पर त्याला कायदा हाय, कोर्ट हाय. लेकराच्या घरावर दगड घेऊन या, असं तुम्हाला कोन्या झेंड्यानं सांगितलं?"

शोभाचा दीर एक पाऊल मागं सरकला. मला वाटलं, जातील आता. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारा बी तसलाच हाय." दोघंतिघं हसले. पहिला दगड तात्यांच्या खांद्याला लागला.

खांद्याला हळद लावताना मी विचारलं, "मला का गप्प केलं? खरं तेच सांगत होते ना मी."

"व्हय, खरंच व्हतं," ते म्हणाले. "पर 'तिरंगा नव्हता' म्हणून सुटायचं, म्हंजे असता तर मारा, असं आपणच सांगायचं. उद्या दुसऱ्या कुणाच्या दारात जमतील. त्याचं काय?"

ह्यांना हर्सूलच्याच जेलात ठेवलं होतं. झेंडा लावला म्हणून बाप आत गेला, जाळला म्हणून लेक. भेटीच्या दिवशी तात्या जेलच्या भिंतीकडं लई वेळ पाहत राहिले. कंपनीचा माणूस आमच्याआधी येऊन गेला होता. माफी लिहून द्या, मग झेंडा आमचाच होता असं आम्ही सांगू, कामावरही घेऊ. ह्यांनी उत्तर दिलं होतं, "महादूच्या हाताची माफी कुणी मागितली ते सांगा, मग लिहितो."

जामीन झाला, नोकरी गेली. वाळूजमध्ये दुसरीकडं कुणी उभं करेना. शेवटी राजकोटला मामेभावाच्या ओळखीनं काम मिळालं, आणि तो टेम्पो ठरवला.

इथं मी 'वहिनी'ची 'बेन' झाले. ताकाला छाश आणि पोळीला रोटली म्हणू लागले. हे लेथवर काम करायचे आणि कोर्टाच्या दर तारखेला संभाजीनगरची गाडी पकडायचे. वर्षं गेली त्यात. अखेरीस कोर्टात महादू साक्षीला उभा राहिला, डाव्या हातानं सही करून. उलटतपासणीत कंपनीच्या साहेबालाही कबूल करावं लागलं की झेंडा त्यांचाच होता. हे निर्दोष सुटले. ते कुठंच छापून आलं नाही. तात्या गेले तेव्हा आम्ही फुलंब्रीला गेलो, तर अंत्ययात्रेत एका तरण्या पोरानं ह्यांना विचारलं, "झेंडा जाळणारे तुम्हीच का?"

परत चला, असं तुम्ही म्हणता. शेजारच्या जयाबेन म्हणतात, आता तुम्ही राजकोटचेच. मला विचाराल तर घर म्हणजे जिथं माणूस आवाज न आवरता बोलतो ती जागा. तशी तिकडं आता राहिली नाही, आणि इथंही आम्हाला ती करता आली नाही.

मीना आता कॉलेजात आहे. परवा जेवताना ती तावातावानं सांगत होती: वर्गातल्या एका मुलीनं फोनवर काहीतरी लिहिलं, आणि आदल्या दिवशी तिच्या घरासमोर माणसं जमली. "तिनं लिहिलं ते मला पटत नाही," मीना म्हणाली, "पण म्हणून घरी जायचं? मी उद्या सगळ्यांसमोर बोलणार आहे."

हे म्हणाले, "हळू बोल."

"का? कोण ऐकतंय इथं?"

हे ताटावरून उठले आणि उष्ट्या हातानंच खिडकी लावून घेतली. उकाडा मरणाचा होता. मीना बोलायची थांबली नाही, पण तिचा आवाज खाली आला होता.