जाळी बसल्याबिगर

मानवतला जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकासमोर माझं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडी आणि मी, आश्रुबा. कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगमधल्या सगळ्या बायका ओळखीच्या होतात, आणि त्यांतल्या एकीला मी मनातून घाबरतो. तिचं नाव दैवशाला.

दैवशाला पालमकडची. लग्न होऊन इकडे आली, काही वर्षं नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेली, मग फिरणं पुरे म्हणून जिनिंगमध्ये लागली. नवरा भारत मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करतो आणि घरात तिचं ऐकतो. गॅसची टाकी आली की ही बाई आणणाऱ्याला वजनकाटा काढायला लावते. काटा नसेल तर टाकी परत. मी एकदा म्हणालो, "कामून एवढा तरास देतीस लोकाला?" तर म्हणाली, "कायद्यात हाय तेवढंच मागती. त्याच्यावर एक मागितलं तर बोला."

जिनिंगमध्ये दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मशिनी धुऊन त्यांची पूजा होते. यंदा फिटर राधाकिशनने पूजेसाठी कडेच्या मशीनच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढली. पट्ट्याला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली, पेढे वाटले. मग कापसाच्या गाड्यांची रांग लागली आणि जाळी गोदामातच राहिली. त्यात जाळी नसली की अडकलेला कापूस हाताने पटकन ओढता येतो, काम जोरात चालतं. म्हणून कुणी ती आणायची घाईही केली नाही. आणि एक दिवस कडूबाईचा पदर पट्ट्यात गेला.

कडूबाई दैवशालाची शेजारीण, वयाने मोठी. दैवशाला तिला अक्का म्हणते. साडी जुनी, विरलेली होती म्हणून टर्रकन फाटली आणि बाई मागे फेकली गेली. साडी धड असती तर हात गेला असता, कदाचित बाईच गेली असती. जिनिंगचे मालक शेटजी धावत आले. देवी पावली म्हणाले, मशीनपुढे नारळ फोडला, कडूबाईला नवी कोरी साडी दिली आणि मशीन पुन्हा सुरू करायला सांगितलं. मी किटली घेऊन तिथेच उभा होतो. माझं डोकं फिरलं. जिला विरलेल्या कापडाने वाचवलं तिला हा माणूस मजबूत कापड देत होता, आणि पट्टा तसाच उघडा.

दैवशाला पुढे झाली. "नारळ फुटला, बरं झालं. जाळी कधी बसायलीय?"

मुकादम पंडित म्हणाला, "हंगाम सरू दे."

"तवर कुणाचा तरी हात जाईल. जाळी बसल्याबिगर मी ह्या मशीनला हात लावणार न्हाई."

पंडितने तिला अंगणात कापूस निवडायला लावलं आणि मशीनवर दुसरी बाई उभी केली. कडूबाई त्याच मशीनवर राहिली, नव्या साडीत.

त्या संध्याकाळी माझ्या बाकड्यावर कडूबाईने तिला झापलं. "तुला कुणी सांगितली होती वकिली? माझं मी बघती. इथून काढलं तर गावात दुसरं कुणी ठेवत न्हाई." ती काही चुकीचं बोलत नव्हती. इथले जिनिंगवाले सगळे एकमेकांचे सोयरे. दैवशाला चहा पिऊन उठली आणि जिनिंगच्या सोमवारच्या सुट्टीला परभणीच्या एसटीत बसली.

परभणीला कारखाने तपासणीच्या कार्यालयात माधवी नावाची कारकून बाई भेटली. तिने दोन गोष्टी समजावून सांगितल्या. चालत्या मशीनचा पट्टा उघडा ठेवायला कायद्याची मनाई आहे; आणि तक्रार कुणी केली ते तपासणीचे साहेब मालकाला सांगू शकत नाहीत, मालकाने कितीही विचारलं तरी. दैवशालाने उघड्या पट्ट्याचा अर्ज दिला, कडूबाईच्या पदराचं त्यात लिहिलं नाही. परत आल्यावर हे तिने फक्त मला सांगितलं, आणि मी बायकोलासुद्धा कळू दिलं नाही. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला हे किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांना कळेल.

तपासणीचे साहेब आले ते नेमके माझ्याकडेच चहाला थांबले. सरकारी गाडी पंडितने पाहिली. साहेबांचा चहा संपेपर्यंत राधाकिशनने गोदामातून जाळी आणून तारेने बांधली. मी किटली घेऊन साहेबांच्या मागोमाग आत गेलो. मशिनी थांबवल्या होत्या. साहेबांनी लांबूनच जाळी पाहिली, मान हलवली आणि कडूबाईला विचारलं, "बाई, इथं कधी काही झालं का?"

कडूबाई शेटजींकडे बघत म्हणाली, "न्हाई साहेब."

साहेब वळले. तेवढ्यात अंगणातून दैवशाला आत आली, तिने दोन्ही हातांनी जाळी धरली आणि गदागदा हलवली. तार सुटली, जाळी तिच्या हातात आली. ती तिने नीट भिंतीला टेकवून ठेवली. "साहेब, ही आत्ताच बांधलीया," एवढंच बोलली.

साहेबांनी तिथल्या तिथे लेखी हुकूम दिला, बोल्ट लावून जाळी पक्की होईपर्यंत मशीन बंद. राधाकिशनने अंधार पडायच्या आत बोल्ट आवळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंडित फाटकात आडवा उभा. "दैवशाले, तुला काम न्हाई. अर्ज तूच दिलास."

"साहेबाला विचारा."

"ते सांगंना झालेत."

"मग तुमाला कुणी सांगितलं?"

फाटक पंडितकडे होतं, त्याने ते लावून घेतलं. दैवशाला माझ्या बाकड्यावर येऊन बसली. मी म्हणालो, "घरी जा. जाळी तर बसली."

"मी गेली तर बाकीच्या बाया काय शिकतील, आश्रुबाभाऊ? जी बोलली ती गेली. मग ती जाळी किती दिस टिकंल?" ती जागची हलली नाही.

तेवढ्यात कडूबाई आली. आमच्याकडे न बघता सरळ फाटकाशी गेली. "पंडितभाऊ, अर्ज मी दिला."

पंडित हसला. "तू? काल तर न्हाई म्हणालीस साहेबाला."

"तुमच्या भ्यानं म्हणाले. पदर माझा गेला, अर्ज दुसरं कोण देईल? मला काढा. मग परभणीला जाऊन पट्ट्यात काय झालं तेबी सांगून येती."

पंडितचं हसू गेलं. त्याने बाजूला जाऊन शेटजींना फोन लावला. अर्ज कुणाचा ते साहेब सांगणार नव्हते, म्हणजे कडूबाईला खोटं पाडायची सोय नव्हती. आणि तिला काढावं तर लपवलेला अपघात उघड होणार होता. फोनवर पंडित बराच वेळ नुसता "हो, हो" करत होता. मग त्याने फाटक उघडलं आणि दोघींना हाताने आत जायची खूण केली.

दैवशाला उठून कडूबाईजवळ गेली. तिचे डोळे भरले होते. "अक्का, माझ्यापायी खोटं कामून बोललीस?"

"काल साहेबापुढं बोलले ते खोटं," कडूबाई म्हणाली. "रातभर झोपू दिलं न्हाई त्यानं. आजच्यानं झोप लागंल. चल, उशीर हुतोय."