आईचा जंतू

माझी ताई साखरेत काम करते असं मी सांगतो तेव्हा लोकांना कारखाना आठवतो, आणि मीही मुद्दाम पुढे काही बोलत नाही. खरं सांगायला बसलो तर ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.

ताईचं अर्धं आयुष्य एका खाचेत गेलं आहे. मूत्राशयात घर करणारा एक जंतू आहे. त्याच्या अंगावर बारीक केस, प्रत्येक केसाच्या टोकाला एक प्रथिन आणि त्या प्रथिनात एक खाच. त्या खाचेत मॅनोज नावाची साखर नेमकी बसते. ग्लुकोज आणि मॅनोज यांच्यात एक कोपरा तेवढा उलट वळलेला, बाकी सगळं सारखं. तरी प्रथिन फरक ओळखतं आणि ग्लुकोजला दारातूनच परत लावतं. आपल्या मूत्राशयाच्या आतल्या पेशींवर हीच साखर असते, म्हणून जंतू तिथे चिकटतो. लघवीची धार जितकी जोरात, तितकी त्याची पकड घट्ट. हे सांगताना ताईचे डोळे असे चमकतात, की तिने तो जंतू दत्तक घेतलाय असं वाटावं.

आई तिच्याकडेच राहते. आईने जन्मभर दुसऱ्यांच्या घरांचे पडदे शिवले आणि आम्हा दोघांना शिकवलं. मी शिकलो नाही, फ्रीज दुरुस्त करतो, ती गोष्ट वेगळी. दोघी एका घरात राहायच्या आणि बोलायच्या मात्र माझ्यामार्फत. आईने काही सांगायला सुरुवात केली की ताई लॅपटॉपवरून मान न उचलता ‘हं’ म्हणायची. आई मग मला फोन करून तेच सांगायची. ताई वाईट नाही हो, पण तिला माणसापेक्षा माणसाच्या आत काय चिकटलंय त्यात जास्त रस.

मागच्या वर्षी आईला जळजळ सुरू झाली. गोळ्या घेतल्या की बरं वाटायचं, थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. ताईने तिची लघवी प्रयोगशाळेत नेली आणि त्यातला जंतू वाढवला. त्यांचा मोठा फ्रीजर बिघडला होता, म्हणून मी तिथेच पाना घेऊन बसलो होतो. ताईने मला बोलावून काचेची पट्टी दाखवली. यीस्ट कालवलेलं पांढुरकं पाणी, त्यात आईच्या जंतूचा थेंब. पट्टी हलवली तसं ते पाणी फाटलं, गुठळ्या झाल्या. यीस्टच्या अंगावरही मॅनोज असतं, तिथे जंतू चिकटले होते. दुसऱ्या पट्टीवर तिने आधी मॅनोजची पूड टाकली. एकही गुठळी नाही. जंतूंचे हात आधीच भरले होते.

“बघितलंस? आईचा आहे!” ताई म्हणाली. पोराचा पहिला नंबर आल्यासारखी.

तिथून ती पूड घरात आली. चमचाभर पाण्यात ढवळून प्यायची. जंतू पेशी सोडून त्या सुट्या साखरेला धरणार आणि तिच्याबरोबर वाहून जाणार. आणि दोनदा खरंच तसं झालं. आई शेजारणींना सांगत सुटली, “माझी लेक साखरेने आजार घालवते.” मी चेष्टा करायचो, पण मलाही कौतुक होतं.

तिसऱ्या वेळी ताईने ठरवलं की आता नीट बघायचं. या वेळी गोळीची जोड अजिबात नाही, फक्त साखर. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या तिने आणल्याच नाहीत. लघवीही पुन्हा तपासली नाही. आईचा जंतू तिला तोंडपाठ होता म्हणे. रोज सकाळी ती पेला घेऊन आईच्या खाटेवर बसायची आणि विचारायची, जळजळ किती, ताप आहे का, कंबर दुखते का. आई म्हणायची, “बरंय गं. कालच्यापेक्षा बरंय.”

यातलं मला काही माहीत नव्हतं. एका दुपारी मी सहज गेलो तर आई दोन गोधड्यांखाली कुडकुडत होती. अंग तव्यासारखं तापलेलं, एक हात कमरेवर. मला बघून पहिलं वाक्य काय, तर “तिला सांगू नकोस.” माझं डोकंच फिरलं. तिला तशीच उचलली, रिक्षात घातली आणि ताईला तिथूनच फोन केला.

इस्पितळात ताई येऊन पोचली तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, “आजी, गोळ्या घेतल्या होत्या?”

आईने क्षणाचाही विचार केला नाही. “घेतल्या की. हिनेच आणून दिल्या. बरं वाटलं तशा मीच अर्ध्यावर सोडल्या.”

डॉक्टर वैतागले. “लेक एवढी शिकलेली, तिचं ऐकायला काय होतं तुम्हाला? अर्धवट गोळ्यांनी जंतू निर्ढावतात. आता साधं औषध चालणार नाही. जबर इंजेक्शन द्यावं लागेल, ते किडनीला जड आहे, पण इलाज नाही.”

मीही आईवर ओरडलो. ताई खाटेच्या लोखंडी दांडीकडे बघत उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि मला वाटलं, काळजीने. सिस्टर आली, इंजेक्शन टोचलं, गेली. तेव्हा कुठे ताई हलली. डॉक्टर पुढच्या वॉर्डात पोचले होते. ती धावतच गेली आणि चार पेशंटांसमोर म्हणाली, “आईने एकही गोळी घेतलेली नाही. मी दिलीच नव्हती. मला माझी साखर बघायची होती.”

डॉक्टरांनी तसाच केसपेपर मागवला. औषध बदललं. एका इंजेक्शनाने काही होत नाही, एवढं मात्र नंतर म्हणाले.

तपासणीत आलेला जंतू साध्या गोळीनेही मेला असता. ताईने तो मागून नेला आणि पट्टीवर घेतला. यीस्टचं पाणी जसंच्या तसं राहिलं. या जंतूचा हात वेगळा होता. त्याला मॅनोज नको होतं, किडनीच्या पेशींवरची दुसरीच साखर तो ओळखत होता. असे जंतू असतात हे आमच्या घरात कुणाला माहीत होतं? फक्त तिला. अशा जंतूला ती पेलेच्या पेले मॅनोज पाजत बसली होती.

आई वाचली. एक किडनी अर्धीच काम करते. लांबलेल्या तापाने किडनी बिघडली, असं डॉक्टर म्हणतात. ताई त्या इंजेक्शनाचं नाव घेते. कारण काहीही धरा, बोट तिच्याकडेच जातं, आणि ती ते कुणाला दुसरीकडे वळवू देत नाही.

घरी आणल्यावर आई आधी रुसलीच. “चारचौघांत मला खोटं पाडलंस.”

“आई, मला शिव्या दे,” ताई म्हणाली. “हात जोडते. मी तुझ्यावर प्रयोग केला. इंजेक्शन टोचताना गप्प राहिले. शिव्या दे, पण मला सांभाळून घेऊ नकोस.”

मीच मध्ये पडलो. माझा राग अजून उतरला नव्हता. म्हटलं, “आणि तू गं आई? कंबर मोडून आली तरी हिला रोज ‘बरंय’ का सांगत होतीस? हिची साखर हरेल म्हणून?”

“तुझ्या साखरेचं मला काय कळतंय?” आई ताईकडे बघत म्हणाली, आणि मग जरा ओशाळली. “बरं नाही म्हटलं असतं तर गोळ्या आणून दिल्या असत्यास आणि गेली असतीस कामाला. रोज सकाळी जवळ बसून विचारत होतीस गं. म्हटलं, चालू दे अजून थोडे दिवस.”