ऊसतोडीचा पहिला प्रोग्राम

संगणकशास्त्राच्या इतिहासात माझ्या मोठ्या साडूंचं नाव नाही, हा दोष त्या शास्त्राचा आहे, साडूंचा नव्हे. आमच्या भागात संगणक कुणी डोळ्यांनीही पाहिला नव्हता, तेव्हा या गृहस्थांनी त्याच्यासाठी प्रोग्राम लिहायला घेतला होता. सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ते कारकून. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, अशी उसाची क्रमपाळी लावायची आणि कुणा संचालकाचा मेहुणा मध्येच घुसला की ती विस्कटताना बघत बसायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. अशात कारखान्यानं संगणक घ्यायचा ठराव केला. "मशीनला मेव्हणा नस्तो, पाव्हणं!" ते मला म्हणाले, आणि त्याच दिवशी सिरसाळ्याच्या बाजारातून दोनशेपानी सहा वह्या घेऊन आले.

तेव्हापासून त्यांच्या घरी पाहुणा म्हणून जाणं अवघड झालं. टपालानं मागवलेल्या एका पुस्तकावरून ही विद्या ते शिकले होते, आणि मशीन नसल्यामुळे प्रोग्राम माणसांवर चालवून बघत. दिवाळीला गेलो तर फराळाआधीच मला ओसरीवर बसवून हातात चिठ्ठ्या दिल्या. शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी असेल तर त्याची चिठ्ठी बाजूला ठेवायची, नसेल तर त्यांच्या बायकोकडे, म्हणजे माझ्या मेहुणीकडे, अक्कांकडे द्यायची. अक्कांनी लागणीची तारीख बघून ती परत माझ्याकडे द्यायची. एका कोरड्या विहिरीच्या धन्याची चिठ्ठी आम्ही दोघं तासभर इमानानं एकमेकांना देत राहिलो. शेवटी "चिवडा सादळला," असं म्हणून अक्का उठल्या. "घावली! चूक घावली!" साडू टुणकन उठले. "मशीन अस्तं तर उद्यापत्तूर फिरत बसलं अस्तं. ते काय हिच्यावानी उठत न्हाई."

त्या पुस्तकात वाचलेल्या, इंग्लंडातल्या शंभरावर वर्षांपूर्वीच्या एका बाईवर त्यांची फार श्रद्धा. "मशीन उभं ऱ्हायच्या आदीच तिनं त्याचा प्रोग्राम लिवला. आन् मशीन काय उभं ऱ्हायलं न्हाई, पाव्हणं. बाई तशीच गेली." एवढं बोलून ते पुन्हा वहीत डोकं घालत. "तिला टँकरमागं पळावं लागत नसंल," अक्का आतून म्हणत. मी हसत असे, पण साडूंना कसली धास्ती आहे ते कळत होतं. संगणक आज येतो, उद्या येतो करता करता तीन हंगाम गेले. सहा वह्यांच्या अकरा झाल्या. साडूंच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं, आणि पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला.

संगणक आला तो त्या साली. कारखान्याचा बॉयलर पेटायची आशा नव्हती. निम्मा ऊस जागेवर वाळला होता, उरलेला जनावरांच्या छावणीत चारा म्हणून गेला होता. तरी साडूंनी महिनाभर बसून अकराही वह्या मशीनमध्ये उतरवल्या. खोटं काही जायला नको म्हणून एसटीनं, पायी, मिळेल त्या जीपनं केजपर्यंतची शिवारं हिंडून प्रत्येक नोंद डोळ्यांनी बघून आले. निवृत्तीच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. वीज आल्यावर त्यांनी हात जोडले आणि बटण दाबलं. प्रिंटर करकरला. अनुक्रमांक, शेतकऱ्याचं नाव, गाव, लागणीची तारीख असे रकाने उमटले, आणि प्रिंटर थांबला. खाली सगळा कागद कोरा.

"बिघडलं का हो?" मी हळूच विचारलं.

"न्हाई," साडू म्हणाले. "लई बरुबर चाललं. तोडाया ऊसच न्हाई, तर त्यानं कशापायी कुणाचं नाव छापावं?"

त्यांनी कागद फाडून घेतला, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, आणि रिकाम्या रकान्यांखाली 'तपासले, बरोबर आहे' असं लिहून सही केली. मी त्यांना आयुष्यभर हसलो आहे. पण त्या कागदावर एखादं, निदान एक तरी नाव यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.