चिंचपेटीला आंघोळ

हल्ली लग्नसराई जवळ आली की घरातल्या बायकांच्या आधी मीच थकतो. कारण जुने डाग, म्हणजे दागिने, माझ्याकडे असतात. बुगड्या, वाक्या, गोठ, कुड्या. सोलापूरच्या सराफकट्ट्यावर मोडीत निघालेले, सोनाराच्या मुशीत पडण्याआधी मी उचलून आणलेले. मुलीच्या लग्नात आजीचे डाग आटवायचे आणि नवे करायचे, ही आपल्याकडची रीत. मी त्या रीतीला आडवा जातो, तोही भर उन्हात. घरात ना बायको, ना लेक. त्यामुळे वहिनी वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत आल्यात, “भावजी, खरं सांगा, दार लावून स्वतः घालून बघता की नाही?”

“बघतो की. पण नथ जमत नाही हो, मिशा आडव्या येतात.”

तर यंदा पुतणीचं लग्न ठरलं. पोरगी पुण्यात नोकरीला, एरवी गळ्यात साधी साखळीही नाही. तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, लाल खड्यांची चिंचपेटी. माझ्या सगळ्या पसाऱ्यातला तो राजा. कुणा अनामिक सोनाराचं काम. प्रत्येक चौकटीच्या पाठीवर, जिथं कुणी बघणार नाही तिथं, त्यानं एक पोपट कोरलाय, आणि एकाही पोपटाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. त्याच हातचं आणखी काही मिळतंय का, हे शोधता शोधता माझे गुडघे गेले. पुतणीला नाही कसं म्हणणार? चिंचपेटी लग्नाच्या बरीच आधी भावाच्या घरी पोचवली आणि सुटलो म्हणालो.

कसला सुटतोय!

वहिनींना ती मळकट वाटली. त्यांनी कोमट पाण्यात रिठे घातले, लेकीला न्हाऊ घालावं तशा मायेनं ती त्यात भिजवली, आणि दुपारची झोप काढली. रिठ्यानं सोनं उजळतं, यात त्यांचं काही चुकलं नाही. पण जुन्या जडावात खड्याखाली एक पातळ चकचकीत पत्रा असतो. खड्याचा लाल रंग पेटतो तो त्याच्या जिवावर. पाणी आत शिरलं की पत्रा काळा पडतो.

“भावजी, या की जरा,” एवढंच त्या फोनवर म्हणाल्या.

गेलो. सोनं काल घडवल्यासारखं झळकत होतं आणि खडे वाळलेल्या करवंदांसारखे काळे ठिक्कर. वहिनी खाली मान घालून बसलेल्या. पुतणी रडत नव्हती, ते जास्त अवघड होतं. “काका, मला हीच घालायची होती,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांच्या टोमण्यांची परतफेड करायला याहून चांगला प्रसंग मिळाला नसता. भाषण तयारही होतं. पण खरं सांगतो, उभं राहून बोलायचं त्राणच नव्हतं. आम्ही तिघं रिक्षा करून सराफकट्ट्यावर गेलो.

सोनारानं भिंगातून पाहिलं. “नवा पत्रा घालतो साहेब, लग्नात लखलखेल. पण खडे काढायला त्यांच्याभोवतीचे सोन्याचे काठ उकलावे लागतील. परत दाबले की ते माझं काम झालं. जुन्या कारागिराचं न्हाई राहणार.”

“मग राहू द्या तशीच,” वहिनी चटकन म्हणाल्या. “भावजींचा जीव आहे त्यात. मी हिला नवा हार घेते.”

याच दुकानात, याच बाकावर बसून मी किती आयाबायांना विनवलं होतं, मोडू नका हो, तसंच राहू द्या. आज माझी ओळ वहिनी बोलत होत्या. आणि पुतणी त्या काळ्या खड्यांवरून बोट फिरवत होती.

“उकला,” मी म्हणालो.

सोनारानं टोकदार सळई पहिल्या काठाखाली घातली. मी तोंड रस्त्याकडे फिरवलं.

“खडा निघाला,” वहिनी माझ्या कानाशी पुटपुटल्या. “चांगला निघाला. तुम्ही बघू नका.”

“काका,” पुतणीनं विचारलं, “लग्न झाल्यावर ही परत कधी आणून देऊ?”

“देऊ नकोस. मला आता सांभाळवत नाही. फक्त धुवायला आईकडे देऊ नकोस.”

वहिनींनी भर दुकानात मला कोपरानं असं ढोसलं की बाक हलला.

“हलू नका,” सोनार म्हणाला, “दुसरा काढतोय.”