शेवट विल्याने सांगितलेला

आमच्या घरात जुन्या सिनेमांच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा असतो. बाकी कुठल्याच बाबतीत नसतो, म्हणून हा एक विषय मी जपून ठेवलेला.

ही कीर्ती मी कॉलेजात कमावली. मी डोंबिवलीचा, कॉलेज ठाण्याला. कॉलेजच्या जवळच एक जुनं थिएटर होतं (आता तिथे सोफ्यांचं शोरूम आहे, म्हणजे खुर्च्यांच्या बाबतीत प्रगतीच झाली). तिथे सकाळच्या खेळाला जुने ब्लॅक अँड व्हाइट सिनेमे लागायचे. मी सायन्सला आणि माझा शहाडचा मित्र विलास, म्हणजे विल्या, आर्ट्सला. मला खेळ संपायच्या आधीच प्रॅक्टिकल असायचं आणि केमिस्ट्रीच्या मॅडम उशिरा येणाऱ्याला दारातूनच परत पाठवायच्या. त्यामुळे मी इंटरव्हलला उठायचो. विल्याला प्रॅक्टिकल नाही. तो थांबायचा आणि संध्याकाळी लोकलने घरी जाताना मला उरलेला सिनेमा सांगायचा.

नुसता सांगायचा नाही, करून दाखवायचा. आईचा आवाज, सावकाराचा आवाज, मागचं व्हायोलिन, सगळं एकटा विल्या. एकदा एका सिनेमातल्या पोस्टमनचं मरण त्याने असं काही सांगितलेलं की समोर उभे असलेले एक गृहस्थ आपलं स्टेशन विसरून माझ्याबरोबर डोंबिवलीला उतरले. असे माझे सगळे अभिजात सिनेमे निम्मे डोळ्यांनी आणि निम्मे कानांनी पाहून झालेत. पुढे पुढे तर कुठला भाग डोळ्यांनी पाहिला आणि कुठला कानांनी, हे माझं मलाच आठवेनासं झालं.

त्यातला एक सिनेमा माझा सर्वात लाडका. विधवा आई, एकुलता एक मुलगा. दोघांचं भांडण होतं, मुलगा तिरीमिरीत होडीत बसून गाव सोडतो, आई कंदील घेऊन काठावर उभी राहते, होडी लहान लहान होत जाते आणि इंटरव्हल. पुढे रडून रडून आईचे डोळे जातात. कित्येक वर्षांनी मुलगा डोळ्यांचा डॉक्टर होऊन परत येतो, स्वतः ऑपरेशन करतो, पट्टी सुटते आणि आईला पहिल्यांदा दिसतो तो त्याचा चेहरा.

ही गोष्ट मी सुनीताला आमच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात सांगितली. मोठ्यांनी आम्हाला गॅलरीत बोलायला पाठवलेलं, मला दुसरं काही सुचेना, मी सिनेमा सांगितला. पट्टी सुटेपर्यंत सुनीताच्या डोळ्यांतून धारा. दुसऱ्याच दिवशी होकार आला. माझी नोकरी, घर, उंची यांपैकी कशाचाही त्यात हात नव्हता, हे ती आजही सांगते. पण तो सिनेमा तिने कधी पाहिला नाही. म्हणायची, मला झेपणार नाही.

आता या वर्षीची गोष्ट. आमच्या ऋजुताने स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं. मुलगा केदार, ठाण्याचा, माजिवड्याला राहतो. त्याचे आईवडील पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला यायचे होते. ऋजुताने आठवडाभर आधीपासून मला एकच सूचना दिलेली, "बाबा, प्लीज, त्या दिवशी तू कमी बोल."

मी खरोखर कमी बोललो. केदारचे वडील वसंतराव गप्पिष्ट, त्यामुळे ते जमलं. त्याच्या आई शालिनीताई, शाळेतून निवृत्त झालेल्या, अतिशय शांत. जेवण संपेपर्यंत त्या दोन वाक्यं बोलल्या, त्यातलं एक कोथिंबीरवडीबद्दल होतं आणि दुसरं पुन्हा कोथिंबीरवडीबद्दलच. या बाईंना आपण आवडलो की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता. ऋजुता सारखी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

जेवणं झाली आणि केदार म्हणाला, "काका, तुमच्यासाठी एक सरप्राइज आहे." ऋजुताकडून माझ्या सिनेमाचं नाव काढून घेऊन त्याने तो इंटरनेटवर शोधलेला. कुणीतरी जुनी प्रिंट साफसूफ करून टाकलेली. मला भरून आलं. असा जावई मिळायला भाग्य लागतं, असं मी त्या वेळी म्हणालो.

मग मात्र मला कुणी आवरू शकलं नाही. पडदे लावले, पंखा कमी केला, सगळ्यांना सांगून ठेवलं की उत्तरार्ध जड जाणार आहे. सुनीताला म्हटलं, आज धीर कर, मी शेजारी आहे. ती बिचारी आत जाऊन घडी घातलेले रुमाल घेऊन आली आणि सगळ्यांना एकेक वाटला. वसंतरावांनी तो गंभीरपणे मांडीवर पसरला. पूर्वार्ध मी म्हटल्याप्रमाणे तंतोतंत झाला. भांडण, होडी, कंदील. इंटरव्हलची पाटी आली तेव्हा शालिनीताई जरा पुढे सरकून म्हणाल्या, "अहो, पण यात पुढे..."

मी हात वर करून त्यांना थांबवलं. म्हटलं, "सांगू नका. बाकीच्यांची मजा जाईल."

इंटरव्हलनंतर होडी परत आली.

नावाड्याची तंबाखूची पिशवी काठावर राहिलेली, ती घ्यायला त्याने होडी वळवली. मुलगा उतरला, आईने त्याला घरी नेऊन पिठलं-भाकरी वाढली. मी खोलीतल्या सगळ्यांना समजावलं की हे आईचं स्वप्न आहे, आता कोंबडा आरवेल आणि ती जागी होईल. कोंबडा आरवलाही. मुलाने उठून त्याला दाणे टाकले. मी म्हटलं, स्वप्न जरा लांबलेलं दिसतंय. तोवर आईने घरात खानावळ काढलेली आणि गावचा मामलेदार तिच्या पिठल्यापायी बदली रद्द करून घेण्याच्या खटपटीला लागलेला. वसंतराव रुमाल तोंडावर धरून हसत होते. मी जाहीर केलं की या इंटरनेटवाल्यांनी दोन वेगळे सिनेमे एकमेकांना जोडलेत.

तेव्हा शालिनीताई हळूच म्हणाल्या, "हा सिनेमा विनोदीच आहे हो. मी पुष्कळदा पाहिलाय."

इथे एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "तुम्ही दुसरा पाहिला असेल."

ऋजुताने डोळे मिटून घेतले. लग्नाआधीच विहीणबाईंना खोटं पाडणारा बाप, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं. आता माघार घेणंही शक्य नव्हतं, कारण पलीकडून सुनीता माझ्याकडे टक लावून बघत होती. तिच्या होकाराचा पायाच त्या ऑपरेशनवर उभा होता. मी साक्षीदार हजर करायचं ठरवलं. विल्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"विल्या, तो होडीवाला सिनेमा आठवतो ना? त्याचा शेवट सांग."

"कुठला होडीवाला?" विल्या म्हणाला.

मी आठवण करून दिली. आई, कंदील, आंधळेपण, डॉक्टर.

विल्या म्हणाला, "अरे, ते तू अजून धरून बसलायस? मी कुठे थांबायचो इंटरव्हलनंतर? तू गेलास की मीपण उठायचो. समोरच्या गल्लीत टायपिंग क्लास होता ना, त्याच्या जिन्याखाली उभा राहायचो. तुझी वहिनी तिथेच भेटली मला. आणि संध्याकाळी तू रोज विचारायचास, पुढे काय झालं. आता काहीतरी सांगायला नको?"

मी विचारलं, म्हणजे पोस्टमन? तर म्हणाला, तोपण मीच मारला. मी विचारलं, आणि त्या जत्रेत हरवलेल्या जुळ्या बहिणी? त्यावर विल्या म्हणाला की जुळ्या बहिणींचं त्याला काहीच आठवत नाही, पण गोष्ट चांगली वाटतेय, नीट सांग. मी फोन बंद केला.

सुनीता संथपणे हातातल्या रुमालाची पुन्हा घडी घालत होती. ती म्हणाली, "म्हणजे मी होकार दिला तो विलासभावजींना."

आणि तेवढ्यात एक विचित्र आवाज आला. आधी मला वाटलं कुणाला तरी ठसका लागला. बघतो तर शालिनीताई. त्या हसत होत्या. आवाज न करता, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांतून पाणी काढत. मध्येच थांबून "पोस्टमन" एवढंच म्हणायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या. केदार घाबरून पाणी घेऊन आला. त्याने नंतर ऋजुताला सांगितलं की आईला असं हसताना त्याने जन्मात पाहिलेलं नाही. निघताना शालिनीताईंनी सुनीताचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "आमच्या घरी सगळे खरं तेच बोलतात. फार कंटाळा येतो हो."

लग्न ठरलं. सुनीता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिने विलासभावजींचं नाव आमंत्रणांच्या यादीत घातलं, पहिल्या पानावर.

आता दर रविवारी आम्ही दोघं माजिवड्याला जातो. शालिनीताईंकडे जुन्या सिनेमांचा मोठा साठा आहे. त्या इंटरव्हलपर्यंत सिनेमा दाखवतात, टीव्ही बंद करतात, चहा आणतात आणि उरलेला सिनेमा मला सांगायला लावतात. मग उत्तरार्ध लावून ताडून बघतात. माझा शेवट आजवर एकदाही जुळलेला नाही. त्यांच्या शेजारच्या दोन बायकाही हल्ली येऊन बसतात, त्याही टीव्ही बंद झाल्यावर.

हा अपमान किती दिवस सहन करायचा? गेल्या रविवारचा सिनेमा कुठला आहे, हे मी केदारकडून आधीच काढून घेतलं. घरी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खा अभिजात सिनेमा, मध्ये न थांबता. माजिवड्याला गेलो आणि इंटरव्हलनंतर सगळं बरोब्बर सांगितलं, एकेका प्रसंगासकट. शेजारच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शालिनीताईंनी कप खाली ठेवला, थोडा वेळ माझ्याकडे काळजीने बघितलं आणि सुनीताला हळूच विचारलं, "यांना बरं नाही का आज?"