क्रावेत्स, म्हणजे शिंपी

गेल्या नोव्हेंबरात एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास ग्रिगोरीचा बर्लिनहून फोन आला. "हेर चिटणीस, पापा आज सकाळी गेले," एवढेच तो म्हणाला; 'हेर' म्हणजे जर्मनमधले 'श्रीयुत'. मग त्याने विचारले, "त्यांच्या घराची किल्ली तुमच्याकडेच आहे ना?" किल्ली माझ्याकडेच होती. येफिम क्रावेत्स आठवडाभरासाठी मुलाकडे गेले होते, त्यांच्या खिडकीतल्या दोन कुंड्यांना पाणी घालण्याचे काम माझ्याकडे होते, आणि फोन वाजला तेव्हा मी नुकताच ते करून खाली आलो होतो. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. अकरा वर्षे आम्ही एकाच जिन्याने वर-खाली केले, आणि अखेरपर्यंत एकमेकांना 'तुम्ही' असेच म्हटले.

कार्ल्सरूहेपासून ट्रामने पाऊण तासावर असलेल्या आमच्या लहान शहरात ते शहाण्णव साली आले. युक्रेनमधल्या विनित्साजवळच्या एका गावातले ज्यू, गणिताचे निवृत्त शिक्षक, पत्नी नुकतीच निवर्तलेली. इमारतीचे व्यवस्थापन पाहणाऱ्या कंपनीने त्यांच्या घंटीवर नावाची पट्टी लावायला महिनोन्महिने घेतले. घंटीवर नाव नसेल तर या देशात पोस्टमन पत्र टाकत नाही, आणि पत्र पोहोचले नाही म्हणून कोणतीही मुदत थांबत नाही. मी कंपनीला कडक शब्दांत तीन पत्रे लिहिली. उत्तर येईपर्यंत, पुण्याच्या कारखान्यातल्या ड्रॉइंग-ऑफिसात शिकलेल्या सरळ, उभ्या अक्षरांत एका चिठ्ठीवर त्यांचे आडनाव लिहून ती घंटीपाशी बसवून दिली. सात महिन्यांनी छापील पट्टी आली, तेव्हा त्यांनी ती खणात टाकली. "तुमचं अक्षर वाचता येतं," म्हणाले, "ते राहू दे."

त्या चिठ्ठीवरूनच पहिले बोलणे झाले. माझ्या आडनावाचा अर्थ काय, असे त्यांनी विचारले. दरबाराची पत्रे लिहिणारा, असे मी सांगितले. "म्हणजे तुम्ही अजून कामावर आहात," ते म्हणाले. "माझ्या नावाचा अर्थ शिंपी. आणि मला बटणसुद्धा लावता येत नाही. माझी सगळी बटणं बायकोनं लावलेली आहेत, म्हणून जपून वापरतो."

पुढे कितीतरी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात काळा चहा घेताना हा विषय निघे. त्यांच्या पूर्वजांना पूर्वी कायमचे आडनाव नव्हते; अमक्याचा मुलगा तमका, एवढ्यावर भागत असे. मग कर आणि सैन्यभरती यांसाठी राजसत्तांना याद्या हव्या झाल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आगेमागे प्रत्येकाने आडनाव घ्यावे असे हुकूम निघाले. ज्याला काही सुचले नाही त्याला कारकुनाने धंदा विचारला आणि तोच लिहिला. शिंपी इतके का, असे मी विचारले. ते म्हणाले, "जमीन घेता येत नव्हती, कारागिरांच्या संघांत प्रवेश नव्हता. सुई मात्र कुणी अडवली नाही, आणि पळायची वेळ आली तर ती खिशात मावते. शिवाय आमच्या धर्मात लोकर आणि लिनन एका कपड्यात चालत नाही, म्हणून शिंपी आपलाच लागतो." कोणत्याही नव्या शहरात गेले की टेलिफोनचे पुस्तक उघडून शिंपी शोधायचा त्यांना छंद होता. क्रावेत्स, क्राविट्झ, श्नायडर, हायात हे तर सापडतच. पण नाडेल म्हणजे सुई, शेर म्हणजे कात्री, फिंगरहूट म्हणजे शिवताना बोटावर घालायचे अंगुस्तान, असे करत ते अख्खे दुकान मांडून दाखवत. एकदा मात्र हसणे थांबवून म्हणाले, "आमच्या गावाबाहेर एक दगड आहे. युद्धात तिथे गोळ्या घातलेल्यांची नावं त्यावर आहेत. क्रावेत्स, क्रावेत्स, क्रावेत्स, एकाखाली एक… लोकांना वाटतं एकच घराणं होतं. नातेवाईक थोडेच होते. बाकीचे नुसते शिंपी."

दोन हजार चार साली त्यांना जर्मन नागरिकत्व मिळाले, आणि काही आठवड्यांनी त्यांनी मला आडनाव बदलून श्नायडर करायचे असल्याचे सांगितले. अर्थ तोच, फक्त इथला. "मला इथे पाहुणा म्हणून मरायचं नाही, हेर चिटणीस." मला ते पटले नाही, पण मागणी कायदेशीर होती, म्हणून अर्ज मी लिहून दिला. कार्यालयाने तो फेटाळला. कारण असे दिले, की श्नायडर हे नाव आधीच फार लोकांचे आहे आणि इतके प्रचलित नाव नव्याने देऊ नये. म्हणजे ज्या धंद्यामुळे हे नाव इतके पसरले, त्याच धंद्याच्या वंशजाला ते पसरले म्हणून नाकारले गेले. त्या कागदावर मी चार दिवस जळत होतो. पाचव्या दिवशी विडरश्प्रुख, म्हणजे लेखी हरकत, लिहायला बसलो. सात पाने झाली. माझा मुख्य मुद्दा असा होता: मूळ नाव एका कारकुनाने सक्तीने लादलेले आहे, धारकाची त्याला कधीच संमती नव्हती, सबब ते त्याचे खरे नाव मानताच येत नाही. मी त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी तो परिच्छेद पुन्हा वाचायला सांगितला, आणि सही केली.

मुदत एक महिन्याची होती. माझी सारी पत्रे मी स्वतः रजिस्टर टपालाने टाकतो. पण त्याच आठवड्यात माझ्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, म्हणून पाकीट त्यांच्याकडे दिले. दीड महिन्याने मी चौकशी केली, तेव्हा कार्यालयाने कळवले, की हरकत मुदतीत आलेली नसल्याने निर्णय अंतिम झाला आहे. पावती कुठे आहे, असे मी विचारले. "हरवली असेल," ते म्हणाले. मी टपाल खात्यावर तुटून पडलो. एकामागून एक तीन तक्रारी केल्या. प्रत्येक तक्रार लिहीत असताना ते समोर बसून होते आणि दर थोड्या वेळाने माझा पेला भरत होते. एकदा हळूच म्हणाले, "जाऊ द्या ना आता." ते थकले आहेत असे मी समजलो, आणि चौथी तक्रार अधिक कडक लिहिली.

अंत्यविधीनंतर ग्रिगोरी घर आवरायला आला. कागदांच्या खणात, न वापरलेल्या छापील पट्टीखाली, ते पाकीट निघाले. बंद, माझ्या हस्ताक्षरातला पत्ता, त्यावर तिकीट नाही.

"तुम्हाला सांगितलं नव्हतं त्यांनी?" ग्रिगोरीने विचारले.

"नाही."

"मला म्हणाले होते, की हेर चिटणीस यांचा मुद्दा अगदी बरोबर आहे, म्हणून पाठवता येत नाही. नाव कारकुनानं दिलं म्हणून माझं नाही म्हटलं, तर त्या दगडावरचंही कुणाचं नाही. त्यांना दुसरं काही मिळालं नाही." मग म्हणाला, "पण तुम्हाला सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. सात पानं होती."

टपाल खात्याला मी क्षमापत्र पाठवले. चारही तक्रारी मागे घेत असल्याचे त्यात क्रमांकासह नमूद केले. माझ्या युक्तिवादात आजही मला कायद्याची चूक सापडत नाही. तो दोनदा वाचून घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे मी पाहायला हवे होते. मी त्या वेळी कागदाकडे पाहत होतो.

डिसेंबरात व्यवस्थापन कंपनीचे पत्र आले. घर रिकामे झाले असून किल्लीधारक या नात्याने मी घंटीवरील हस्तलिखित चिठ्ठी काढावी, मुदत चौदा दिवस. या देशात आल्यापासून एखाद्या पत्राला मुदतीत उत्तर दिले नाही, असे माझ्याकडून झालेले नाही. ते पत्र मी नीट वाचले, तारीख टाकून फाइलला लावले, आणि उत्तराचा कागद पुढे ओढून पुन्हा खणात ठेवला. मुदत गेल्या गुरुवारी संपली. आज सकाळी ब्रेड घेऊन परतताना पाहिले. पावसाने शाई जराशी फिकी झाली आहे, पण क्रावेत्स अजून सहज वाचता येते.